‘छोटी सी बात’ की ‘चश्मे बद्दूर’? आज पाहायचा तर कोणता

जुना, हलकाफुलका, प्रेमाचा, मारामारी नसलेला आणि घरातल्या सगळ्यांसोबत बघता येईल असा एखादा हिंदी सिनेमा सांगा, असं कुणी म्हटलं की दोन नावं हमखास निघतात. बासू चटर्जींचा ‘छोटी सी बात’ (१९७६) आणि सई परांजपेंचा ‘चश्मे बद्दूर’ (१९८१). सांगणारा बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो, ऐकणारी पंचविशीतली. सिनेमा सुरू होतो, थोडा वेळ सगळे हसतात, आणि मग पंचविशीतून प्रश्न येतो, ‘हा रोज तिच्या मागे मागे का फिरतोय?’ पन्नाशीतला माणूस एकदम दुखावतो. ‘अगं, ते तसं नाहीये गं. किती साधा आहे तो!’ पुढचा वेळ सिनेमा कमी आणि वाद जास्त.

हा वाद टाळावा असं मला वाटत नाही. पण दोन्हींपैकी एकच बघायला वेळ असेल आणि सोबत कोण बसणार आहे हे माहीत असेल, तर निवड डोळसपणे करता येते. दोन्ही चित्रपटांत काळाबरोबर न आलेल्या गोष्टी आहेत, मात्र त्यांची जात वेगळी आहे. एकात जे खटकतं ते कथेच्या मुळाशीच आहे, पण हाताळणी इतकी हळुवार की डोळ्यांवर येत नाही. दुसऱ्यात जे खटकतं त्याची बरीचशी थट्टा चित्रपट स्वतःच करतो, आणि मग शेवटच्या भागात मात्र घसरतो. म्हणून माझ्या लेखी खरा प्रश्न एवढाच की चित्रपट कुणाला हसतोय, आणि कुणाच्या बाजूनं.

आधी गोष्टी थोडक्यात. ‘छोटी सी बात’मधला अरुण प्रदीप (अमोल पालेकर) मुंबईत जॅक्सन तोलाराम नावाच्या कंपनीत नोकरीला. नोकरी बरी, पण स्वभाव असा मुखदुर्बळ की हाताखालची माणसंही त्याला जुमानत नाहीत. बसस्टॉपवर रोज दिसणारी प्रभा नारायण (विद्या सिन्हा) त्याला आवडते. तो तिच्यामागून तिच्या ऑफिसपर्यंत चालत जातो आणि एक शब्द न बोलता परततो. मध्येच नागेश (असरानी) उगवतो. स्कूटरवाला, बोलघेवडा, सगळ्या बाबतींत अरुणच्या दोन पावलं पुढे. हरलेला अरुण खंडाळ्याला कर्नल ज्युलियस नगेंद्रनाथ विल्फ्रेड सिंग (अशोक कुमार) यांच्याकडे जातो. हे गृहस्थ अडलेल्या प्रेमिकांना मार्गाला लावण्याचं काम करतात.

‘चश्मे बद्दूर’मध्ये दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन मित्र. सिद्धार्थ (फारुक शेख) अर्थशास्त्रात एम.ए. झालेला, पुस्तकात डोकं घालून बसलेला. ओमी (राकेश बेदी) आणि जोमो (रवी बासवानी) यांचे उद्योग दोनच, पोरींच्या मागे फिरणं आणि लल्लन मियांच्या (सईद जाफरी) टपरीवर सिगारेटची उधारी वाढवणं. नेहा (दीप्ती नवल) दिसल्यावर ओमी आणि जोमो आळीपाळीनं नशीब आजमावतात, तोंडावर आपटतात आणि परत येऊन मात्र विजयाच्या कहाण्या रंगवून सांगतात. सिद्धार्थला यातलं काहीच ठाऊक नसतं. नेहा ‘चमको’ धुण्याची पावडर विकायला त्याच्या दारात येते आणि त्या दोघांचं जुळतं. मित्रांनी मारलेल्या थापा मग त्याच्या प्रेमावर उलटतात.

पाठलागाचं काय करायचं?

‘छोटी सी बात’बद्दल मतं जेवढी टोकाची ऐकू येतात तेवढी ‘चश्मे बद्दूर’बद्दल येत नाहीत, आणि त्याचं कारण अरुणचं हे रोजचं चालणं. ज्यांनी हा चित्रपट थेटरात किंवा नंतर दूरदर्शनवर पाहिला, त्यांना त्यात आपली भीड दिसते. मुलीशी बोलणंच अवघड होतं त्या काळात, ओळख करून द्यायला कुणी नसायचं, पत्र लिहायचं तर ते कुणाच्या हाती पडेल याची धास्ती. अरुण त्यांना आपला वाटतो. ज्यांना रस्त्यात, बसमध्ये, ऑफिसच्या वाटेवर आपल्यामागे कुणीतरी येतंय हे ओळखायची सवय लागलेली आहे, त्यांच्या अंगावर मात्र तेच दृश्य पाहून काटा येतो. दोघंही खरं बोलतात.

कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर गंमत होते. स्त्रीचा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा म्हणून भारतीय दंड विधानात आला तो २०१३ साली, कलम ३५४-डी म्हणून. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ७८ मध्ये आहे. त्यात कळीचा भाग असा की स्त्रीनं नापसंती स्पष्ट दाखवूनही पुरुष वारंवार मागे लागतो किंवा संपर्क साधत राहतो. प्रभा नापसंती दाखवत नाही. उलट, आपल्यामागून कोण येतंय हे तिला पक्कं माहीत असतं आणि तिला त्याची मजा वाटत असते. बासूदांनी हे प्रेक्षकांपासून लपवलेलं नाही. आणि अरुण खंडाळ्याला गेल्यावर, तो रोजच्या जागी नसल्याचं तिला जाणवतं तेव्हा लताबाईंच्या आवाजातलं ‘न जाने क्यूं’ येतं. चित्रपटातलं ते सगळ्यात प्रामाणिक ठिकाण आहे. त्या गाण्यात पहिल्यांदा गोष्ट प्रभाच्या मनातून दिसते.

म्हणजे आक्षेप फोल ठरला का? नाही. प्रभाला ते आवडतंय हे आपल्याला कळतं, अरुणला कळत नाही. तो मागून चालतो ते तिला आवडतंय म्हणून नव्हे, तिच्या आवडीनिवडीचा विचारच त्याच्या मनाला शिवत नाही म्हणून. तिच्या मनात काय आहे हे लेखकानं ठरवलं आणि नायकाला आयतं माफ करून टाकलं. हिंदी सिनेमात पुढे कित्येक वर्षं हेच झालं, तेही पालेकरांच्या भिडस्तपणाशिवाय आणि बराच आरडाओरडा करून. ‘छोटी सी बात’ची चूक त्या सिनेमांच्या मानानं नखाएवढी आहे, पण आहे त्याच जातीची.

या चित्रपटाच्या बचावात हल्ली एक वेगळाच युक्तिवाद ऐकू येतो, आणि तो ऐकताना मला मौज वाटली. नवे प्रेक्षक म्हणतात, यात नागेश इतका वाईट का दाखवलाय? तो समोर येऊन बोलतो, लिफ्ट देऊ का विचारतो, ती हो म्हणते, बसते. जेवायला नेतो. ‘चिकन अ ला पूस’ मागवून भाव खातो हे खरं, पण त्यात गुन्हा काय? लपून मागे चालणारा अरुण सज्जन आणि तोंडावर विचारणारा नागेश उपटसुंभ, हा कुठला न्याय? पन्नास वर्षांपूर्वी हे कुणाच्या डोक्यात आलं नसतं. चित्रपट आपल्याला अरुणच्या खुर्चीत बसवतो आणि तिथून नागेश शत्रूच दिसतो. खुर्ची बदलली की चित्र बदलतं. असरानींनी ते पात्र इतक्या झोकात केलंय की खुर्ची बदलून पाहायला मजाही येते.

खंडाळ्याची शाळा

मला स्वतःला पाठलागापेक्षा जास्त खटकतं ते चित्रपटाचा दुसरा भाग, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ‘छोटी सी बात’ हा १९६० च्या ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या ब्रिटिश चित्रपटावर बेतलेला आहे. तो मूळचा तिरकस विनोद होता. समोरच्यावर कुरघोडी करायची, तीही सभ्यपणाचा मुखवटा न काढता, अशा वृत्तीची ती खिल्ली होती. बासूदांनी तो मुंबईत आणताना त्यातला बोचरेपणा काढून टाकला आणि त्याजागी माया घातली. अशोक कुमारांचा कर्नल लबाडीच शिकवतो, पण वडीलधाऱ्याच्या जिव्हाळ्यानं शिकवतो. त्यामुळे पहिल्यांदा पाहताना आपल्याला वाटतं की अरुण आत्मविश्वास कमावतोय. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येतं की तो डाव शिकतोय.

ज्यानं मोडकी मोटरसायकल गळ्यात मारली त्याला तिथेच गाठून पैसे वसूल करणं, टेबल टेनिसमध्ये नागेशला खेळानं नव्हे तर बोलण्यानं हैराण करणं, हे भाग आजही खळखळून हसवतात. फसवणाऱ्याला फसवलं तर कुणाला वाईट वाटत नाही. पण तीच विद्या प्रभाच्या बाबतीत वापरायची वेळ येते तेव्हा कथा अवघडते. प्रभानं कुणालाच फसवलेलं नाही. तिला ‘जिंकायचं’ का? चित्रपटाला ही अडचण दिसलेली आहे असं माझं मत आहे, कारण शेवट ज्या पद्धतीनं लिहिलाय त्यात अरुणच्या सरळपणालाच किंमत दिलीय. तो नेमका कसा ते सांगत नाही. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांचा विरस नको.

इथे पालेकरांचं श्रेय वेगळं नोंदवायला हवं. मराठी नाटकातून आलेला, बँक ऑफ इंडियात नोकरी केलेला हा नट. १९७५ साली ‘दीवार’ आणि ‘शोले’ पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकासमोर तो काही महिन्यांत असा उभा राहिला की जणू तिकिटाच्या रांगेतलाच एक माणूस पडद्यावर गेलाय. खंडाळ्याहून परतल्यावरचा अरुण चालतो वेगळा, बोलतो वेगळा, आणि तरीही आतला घाबरट माणूस डोळ्यांत शिल्लक राहतो. ते शिल्लक राहिलं नसतं तर हा चित्रपट आज बघवला नसता.

ओमी, जोमो आणि हसण्याची दिशा

‘चश्मे बद्दूर’मध्ये पाठलाग करणारे आहेत, आणि ते नायक नाहीत. तुलना इथेच पालटते. ओमी आणि जोमो मुलींच्या मागे फिरतात, खोलीच्या भिंतींवर चित्रं चिकटवतात, एकमेकांना खोटं सांगतात, आणि प्रत्येक वेळी फजितीचे धनी होतात. सई परांजपेंचा कॅमेरा मुलीकडे टक लावून पाहत नाही. मुलीकडे टक लावून पाहणाऱ्या मुलाकडे पाहतो. तो किती बावळट दिसतो ते दाखवतो. हे १९८१ साली एका बाईनं, एकही भाषण न देता, निव्वळ विनोदातून केलंय.

त्यांच्या थापा पडद्यावर येतात त्या फिल्मी गाण्यांची टर उडवत. झालेलं असतं भलतंच, आणि सांगताना नेहा त्यांच्यासोबत बागेतल्या नायिकेसारखी बागडते. ज्या सिनेमानं पोरांच्या डोक्यात ‘मागे लागलं की मुलगी पटते’ हे भरवलं, त्याच सिनेमाची भाषा वापरून सईताई ती थाप उघडी पाडतात. तरुण प्रेक्षकांना हे लगेच कळतं. ‘अरे, ही तर आमच्याच बाजूची आहे,’ अशी दाद मी या चित्रपटाला मिळताना पाहिली आहे. ‘छोटी सी बात’ला तशी मिळत नाही.

सिद्धार्थ आणि नेहाचं जुळणंही वेगळं. पुढाकार तिचा. दारावर ती येते, तीही कामासाठी. दिवसभर घरोघर जाऊन पावडरचं प्रात्यक्षिक दाखवणारी, शिवाय गाणं शिकणारी मुलगी. चमकोचा तो प्रसंग प्रेमात पडण्याचे जे काही सुंदर प्रसंग हिंदी सिनेमात आहेत त्यांत वरच्या रांगेत बसतो. त्यात कुणी कुणाला गाठत नाही, कुणी कुणावर मात करत नाही. एक बुजरा मुलगा आणि आपलं काम चोख करणारी मुलगी, बस. फारुक शेख तिथे जवळपास काहीच करत नाहीत, आणि ते ‘काहीच न करणं’ बघण्यासारखं आहे. पुढे त्यांच्या भेटी होतात, टुटीफ्रुटी आइस्क्रीम येतं. घाई कशालाच नाही.

मग घसरण कुठे? दोन ठिकाणी, आणि दोन्ही गंभीर.

पहिलं म्हणजे, मित्रांच्या जुन्या थापा आणि हाती असलेला नेहाचा फोटो यांच्या जोरावर सिद्धार्थ तिच्याबद्दल वाईट मत करून घेतो. तिला एका शब्दानंही न विचारता संबंध तोडतो. चित्रपट मित्रांना दोष देतो, सिद्धार्थला मात्र बिचारा ठरवतो. आज पाहताना प्रश्न पडतो की ज्या मुलाला आपण इतका वेळ समंजस समजत होतो, त्याला प्रेयसीच्या शब्दापेक्षा दोन उडाणटप्पूंच्या बढाया जास्त खऱ्या का वाटल्या? त्याहून मोठा प्रश्न, ती गोष्ट खरी असती तर? तिचं आधी कुणाशी काही असतं तर ती नालायक ठरली असती का? चित्रपट हा प्रश्न विचारतच नाही. त्या काळात तो विचारला जात नसे हे खरं, पण ओमी-जोमोला इतकं आरपार ओळखणाऱ्या लेखिकेकडून अपेक्षा वाढलेली असते.

दुसरं, शेवटचं अपहरण. पश्चात्ताप झालेले मित्र दोघांना पुन्हा जवळ आणायला नेहाच्या खोट्या अपहरणाचा बेत रचतात, म्हणजे सिद्धार्थनं येऊन तिला सोडवावं. आणि मग खरे गुंड येतात. हिंदी सिनेमातल्या मारामारीच्या शेवटाची नक्कल करून टिंगल करायची, असा हेतू असावा असं मानायला जागा आहे. तरी जी मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे, तिला शेवटी गठडी वळून नेण्याच्या वस्तूत बदललं जातं, आणि तेही तिच्या भल्याच्या नावाखाली. त्यात तो भाग लांबलाय. ‘चश्मे बद्दूर’ मनापासून आवडणारी माणसंसुद्धा शेवटच्या भागाबद्दल विचारलं की ‘हो, ते जरा...’ असं म्हणून विषय बदलतात.

आणि सिगारेट. या चित्रपटात इतकी ओढली जाते की आजच्या काळातला धूम्रपानाचा इशारा पडद्याच्या कोपऱ्यातून हललाच नसता. शाळकरी मुलं सोबत असतील तर हे आधी माहीत असलेलं बरं.

प्रभा की नेहा

निवड करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी नायिकेवरून ठरवतात, आणि ते योग्यच आहे. दोघी कमावत्या आहेत, दोघींच्या नोकरीला चित्रपट सहज स्वीकारतो. एवढं सत्तरीतल्या मुख्य प्रवाहात सहज मिळत नव्हतं. पण प्रभाचं काम आपल्याला ऑफिसच्या दारापर्यंतच दिसतं, त्यापलीकडे ती मुख्यतः ‘कुणाची होणार’ या प्रश्नाचा विषय असते. विद्या सिन्हांनी त्यात खोडकरपणा, थोडी छुपी मिजास आणि वाट पाहण्यातली चिडचिड भरली म्हणून ती जिवंत वाटते. कागदावर ती तेवढी नव्हती. नेहा कागदावरच भरलेली आहे. तिला मत आहे, आवड आहे, राग येतो आणि तो रास्त असतो. म्हणूनच शेवटी तिला मिळालेली वागणूक जास्त झोंबते.

शहर, गाणी, वेग

मुंबईच्या प्रेमात असाल तर पहिल्या चित्रपटाला पर्याय नाही. बसच्या रांगा, फोर्टकडचे फूटपाथ, जहांगीर कलादालनातलं समोवार नावाचं उपाहारगृह. ते समोवार २०१५ साली बंद झालं, त्यामुळे तिथला प्रसंग काही जणांसाठी कथेपेक्षाही मोलाचा झालाय. दिल्लीकरांना रिकाम्या, झाडांच्या रस्त्यांवरून फटफटी चालवणारी पोरं पाहून तसंच काहीतरी होत असणार.

संगीतात माझा कौल स्पष्ट आहे. सलील चौधरी आणि योगेश यांची ‘छोटी सी बात’ची तिन्ही गाणी पहिल्या प्रतीची, आणि ती कथेला पुढे नेतात. ‘जानेमन जानेमन’ तर आधी पडद्यावरच्या पडद्यावर धर्मेंद्र-हेमामालिनीवर सुरू होतं आणि मग अरुण त्यात स्वतःला बघू लागतो. याच अरुणला प्रत्यक्षात तिच्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत, हे त्या एका युक्तीत आलं. ‘चश्मे बद्दूर’मध्ये राजकमल यांचं संगीत आणि इंदू जैन यांचे शब्द. ‘कहां से आए बदरा’ आणि ‘काली घोडी’ अप्रतिम, बाकी ठीक. योगायोग म्हणजे दोन्ही चित्रपटांना येसुदास यांचा आवाज लाभलाय, आणि दोन्हींत अमिताभ बच्चन पाहुणे म्हणून डोकावून जातात. दुसऱ्यात रेखासोबत.

वेगाच्या बाबतीत ‘छोटी सी बात’ आटोपशीर आहे. ‘चश्मे बद्दूर’ जवळपास अडीच तासांचा, आणि शेवटी तो वेळ जाणवतो.

मग लावायचा कोणता?

सोबत विशीतली माणसं असतील, ज्यांनी जुने हिंदी सिनेमे फारसे पाहिलेले नाहीत, तर ‘चश्मे बद्दूर’. त्यांना जे खटकेल त्यातलं अर्धं चित्रपटालाही खटकलेलं आहे, त्यामुळे ती लवकर आत शिरतील. अपहरणाच्या बेतापाशी कुरकुर होईल, ती होऊ द्यावी. सिद्धार्थनं न विचारता केलेल्या संशयावर बोलणं निघालं तर चित्रपट फुकट गेला नाही असं समजायचं. मित्रांचा घोळका असेल तरीही हाच, कारण ओमी-जोमोच्या फजितीवर हसायला माणसं जास्त लागतात.

आईवडिलांसोबत बघायचा असेल, विशेषतः त्यांनी मुंबईत नोकरी-घर-बस या चक्रात तारुण्य घालवलं असेल, तर ‘छोटी सी बात’. त्यांना अरुणला दोष द्यायला लावू नका, आणि स्वतःला तो खटकला तर गप्पही बसू नका. एक साधी युक्ती करून पाहण्यासारखी आहे. एकदा पाहिलेला असेल तर दुसऱ्यांदा फक्त प्रभाकडे लक्ष ठेवून पाहा. ती कधी मागे वळते, कधी मुद्दाम रेंगाळते, नागेशच्या स्कूटरवर बसताना कुणाकडे बघते. अरुणच्या स्वप्नरंजनाच्या बाजूला एका मुलीच्या कंटाळलेल्या प्रतीक्षेचा सिनेमा सापडतो, आणि तो माझ्या मते जास्त चांगला आहे.

एकटं बसून बघायचं असेल आणि मन थोडं उदास असेल, तरी ‘छोटी सी बात’च. गाण्यांसाठी.

आणि ज्यांना पाठलागाचा अनुभव स्वतःला आलेला आहे, त्यांना मी ‘छोटी सी बात’ सुचवणार नाही. ‘तो काळच तसा होता’ हे स्पष्टीकरण इतिहास समजायला उपयोगी असेल, पण सुट्टीच्या संध्याकाळी हसायला बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? अशांच्या बाबतीत ‘चश्मे बद्दूर’ही अपहरणाच्या बेतापर्यंतच बघावा आणि पुढचं कुणाकडून तरी ऐकून घ्यावं. सिनेमा अर्धा सोडल्याचं पाप लागत नाही.

दोन्हींवर एकमत होत नसेल तर सई परांजपेंचाच ‘कथा’ (१९८३) काढा. मुंबईतली चाळ, सरळमार्गी नसीरुद्दीन शहा, आणि फारुक शेख चक्क लबाडाच्या भूमिकेत. गोड बोलून मुलगी पटवणाऱ्याचं पुढे काय होतं आणि त्या मुलीकडे मग कसं पाहायचं, या प्रश्नाला तो चित्रपट ‘चश्मे बद्दूर’पेक्षा कितीतरी धीटपणे भिडतो. विनोद जरा कमी, पण चाळीतली माणसं अस्सल.

शोधताना एक काळजी घ्या. ‘चश्मे बद्दूर’ याच नावानं डेव्हिड धवन यांचा २०१३ चा चित्रपट आहे, आणि मूळ चित्रपटाची डिजिटल डागडुजी केलेली प्रत थेटरात आली तीही त्याच वर्षी, त्याच दिवशी. त्यामुळे नाव टाकलं की दोन्ही समोर येतात. लावण्याआधी नावांच्या यादीत दीप्ती नवल आणि फारुक शेख आहेत ना, एवढं बघून घ्यायचं.